फटी बुजवणारी सून

माझी सून भिंतींना कान लावते, हे मी ती घरात आली त्याच आठवड्यात पाहिलं. थोरल्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "हिला कमी ऐकू येतं का रे?"

"नाही गं आई. भिंत भरीव आहे का पोकळ, ते बघतेय."

"लग्नाआधी नवऱ्याचं डोकं वाजवून बघायचं. जास्त उपयोग झाला असता."

हे तिनं ऐकलं. हसली, मोठ्यानं हसली, पण भिंतीवर बोटं वाजवणं काही थांबवलं नाही. तेव्हाच मी ओळखलं, ही टिकणार.

जुनी घरं उबदार करणं हा तिचा धंदा. नवं घर काय, पैसा असला की कोणीही उभं करतो. पण जुनं घर, आतल्या माणसांसकट, भांड्यांसकट आणि भांडणांसकट, असं दुरुस्त करायचं की थोडक्या इंधनात हिवाळा निघावा, याला हात लागतो. शिवाय डोकं लागतं. आणि सासू माझ्यासारखी असेल तर कातडी जाड लागते. तिच्याकडे तिन्ही आहेत. मी कोणाचं उगाच कौतुक करत नाही, हे आमच्या गल्लीत कोणालाही विचारा.

आमचं घर एका लांब रांगेत आहे. सगळ्या घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. शेजारची शिंपीण शिंकली की मी इथूनच विचारते, "औषध घेतलंस का गं?" तळाला स्वयंपाकघर आणि माझी खोली. वरच्या मजल्यावर थोरला आणि सून. थोरला बस चालवतो. त्यांच्यावर माझी धाकटी, ती हॉस्पिटलात नर्स आहे. आणि अगदी वर, छपराखालच्या खोलीत माझे दीर. भाऊजी घड्याळजी आहेत. बायको नाही, मूल नाही, नुसती टिकटिक.

तळघरात एक बॉयलर होता. त्याला आम्ही जावई म्हणायचो, कारण तो बसल्या जागी खायचा आणि वर गुरगुरायचा. धाकटी लग्नाचं नाव काढू देत नाही, म्हणून घरात जावई तेवढा एकच. त्यानं कितीही खाल्लं तरी जिन्यात थंडी ती थंडीच. हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरायचा. मी दोन स्वेटर आणि डोक्याला रुमाल अशी चहा करायची. पाठ चुलीकडे केली की पाठ भाजायची, पोट गारठायचं. वळले की उलट.

"आई, आपण घर नाही तापवत," सून एकदा म्हणाली. "आपण गल्ली तापवतो."

"मग गल्लीनं कधी आभार मानलेले आठवत नाहीत," मी म्हटलं. पण बोलणं लागलं मला. आयुष्यभर जपून संसार केला आणि ऊब मात्र फुकट बाहेर वाटली.

तेव्हा ती एका कंत्राटदाराच्या हाताखाली काम करायची. त्याचं काम म्हणजे सकाळी भिंतीला ऊब धरणारे तक्ते चिकटवा, संध्याकाळी बिल फाडा. एका घराची भिंत ओली होती. ही म्हणाली, आधी ओल कुठून येते ते शोधू, भिंत वाळू दे, मग झाकू. तो म्हणाला, झाकली की दिसत नाही. ओली भिंत झाकली तर ती आतून कुजते, बुरशी धरते आणि घरातली माणसं खोकत बसतात. हे हिला माहीत, त्यालाही माहीत. हिनं हातातली थापी पिशवीत टाकली आणि सरळ घरी आली. मी पान वाढलं. जेवताना म्हणाली, "आई, नोकरी सोडली." मी म्हटलं, "भात घे." आणखी काय बोलायचं असतं? पण त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी स्वतःशीच म्हटलं, की माझ्या पोटच्यांपैकी एकालाही हे जमलं नसतं.

मग रांगेतल्या लोकांची बैठक झाली. सगळ्यांनाच घरं उबदार करून घ्यायची होती. सून उभी राहिली, म्हणाली, "मी करते." लोकांनी माना डोलावल्या आणि मग लोक जे करतात तेच केलं. म्हणाले, आधी स्वतःचं घर करून दाखव. बाहेरचा तपासनीस येऊन तपासेल. पास झालं तर सगळ्या रांगेचं काम तुझं. नापास झालं तर आम्ही त्या कंत्राटदाराला बोलावू. म्हणजे तिला पुन्हा त्याच्याच दारात उभं राहावं लागणार, ओल्या भिंतींवर तक्ते चिकटवायला. एवढं त्या तपासणीवर होतं. थोरल्याच्या पगारात घर चालत होतं, ती गोष्ट वेगळी. पण हात रिकामे ठेवून बसणारी ही बाई नव्हे.

काम सुरू केलं ते वरून. मी विचारलं, "थंडी तर भिंतीतून येते, तू छपरावर काय करतेस?"

"आई, डोकं उघडं ठेवून तुम्ही कोट घालाल का? आधी टोपी, मग कोट."

टोपी म्हणजे रद्दी कागदाचा पिंजलेला कापूस. एका जाड नळीतून तो छपराखाली फुंकला. भाऊजींची सगळी घड्याळं त्या दिवशी माझ्या खोलीत होती, आणि भाऊजीही. दिवसभर दर तासाला सगळी मिळून अशी कोकलायची की मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, एकालाच बोलू द्या ना. बाकीच्यांना काय वेगळं सांगायचंय?"

मग भिंती. आतून लाकडाच्या तंतूंचे जाड तक्ते, त्यावर चुन्याचा गिलावा. पण तुळयांची टोकं जिथं भिंतीत शिरतात तिथं तिनं तक्ता लावलाच नाही. आधी भोक पाडून आत बघितलं. लाकूड दमट होतं. बाहेरचा गळका पन्हाळ बदलला आणि सरळ वाट बघत बसली. महिने गेले. अर्धी भिंत झालेली, अर्धी उघडी, घरात चुन्याचा वास. मी म्हटलं, "कोणाची वाट बघतेस?" म्हणाली, "लाकडाची." घाई नाही, चिडचिड नाही. दर चार दिवसांनी जाऊन लाकडाला सुई टोचून बघायची, जसा धाकटी पेशंटचा ताप बघते. लाकूड वाळलं तेव्हाच तिनं ते झाकलं. एवढा धीर मी फक्त चुलीवर दूध ठेवून उभ्या असलेल्या बाईत पाहिलाय, आणि ती पण कधी कधी चुकते.

फट शोधायची तिची रीत तर बघण्यासारखी. वरचा ओठ जिभेनं ओला करायची आणि खिडकीच्या चौकटीजवळून तोंड अलगद फिरवायची. वारा लागला की थांबायची, पेन्सिलनं खूण करायची. बोटाला जे कळत नाही ते ओठाला कळतं म्हणे. मी पण एकदा कोणी नसताना करून बघितलं. खरं आहे.

खिडक्यांना दुहेरी काचा बसल्या, कडेला रबरी पट्ट्या लागल्या. माझ्या खोलीत कपाटामागे जुन्या शेगडीच्या धुराड्याचं भोक होतं, ते तिनं लोकर ठासून बंद केलं आणि वर झाकण लावलं. जावयाला तळघरातून तुकडे करून काढावं लागलं. असे जावई सरळ जात नाहीत. त्याच्या जागी मागच्या अंगणात एक पेटी आली. ती बाहेरच्या गार हवेतनं ऊब ओढून घरात आणते. मी म्हटलं, बाहेर बर्फ पडलाय, तिथं ऊब कुठली? म्हणाली, "आहे. थोडी आहे, पण आहे. शोधणारा पाहिजे." सरळ गोष्ट, पण मला ती फार आवडली.

गिलावा करायच्या आधी तिनं स्वतः एकदा दारात पंखा लावून फटींतून किती हवा घुसते ते मोजलं होतं आणि आकडा छान आला होता. सगळं मार्गी लागल्यासारखं होतं. आणि तेवढ्यात माझा जीव गुदमरायला लागला.

हे खरं आहे, नाटक नाही. सगळ्या फटी बंद झाल्या होत्या आणि हवा बदलणारं दुसरं एक यंत्र यायचं होतं, ते वाटेत कुठंतरी अडकलं होतं. सून सांगायची, "तोवर दिवसातून दोनदा खिडकी उघडा." मी उघडायची. पण बंद केली की खोली मुकी. वारा ऐकू येईना, गल्लीतल्या गप्पा ऐकू येईनात. शिंपीण शिंकली तर मला कळेना! स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारखं वाटायचं. मग मी बोलले. जेवताना बोलले, जिन्यात बोलले, दूधवाल्याला सांगितलं, शिंपिणीला सांगितलं, रांगेतल्या प्रत्येक दारात सांगितलं, "माझी सून मला डब्यात घालून झाकण लावतेय. माझा जीव गुदमरतोय."

सून ऐकून घ्यायची. एवढंच म्हणायची, "यंत्र येऊ द्या, आई."

यंत्र आलं. जिन्याखाली बसलं, प्रत्येक खोलीत छताला एक एक छोटी जाळी. मी विचारलं, हे काय करतं?

"आतली शिळी हवा बाहेर जाते, बाहेरची ताजी आत येते. मध्ये पातळ पत्रे आहेत. दोघी शेजारून जातात, पण मिसळत नाहीत. जाणारी आपली ऊब येणारीला देऊन जाते."

"म्हणजे माहेरी जाताना दागिने सासूजवळ ठेवून जाणारी सून."

"तशीच. पण कुरकुर सोबत नेणारी."

मी तोंड फिरवून हसले. तिला दिसू दिलं नाही.

आता ऐका, चूक कुठं झाली ती. ते यंत्र सुरू झालं आणि आठवड्याभरात मला मोकळं वाटायला लागलं. सकाळी डोकं जड नाही, कोंदट वास नाही. गल्ली ऐकू येत नव्हती ती नव्हतीच, पण त्याच्या बदल्यात झोप गाढ लागायची. हे मी कोणाला सांगायला गेले नाही. आमच्या घराण्यात म्हटलेलं परत घ्यायची पद्धत नाही.

मधल्या काळात एक एक करून सगळे विचारून गेले. आधी थोरला: "आई, आता कसं वाटतंय? जरा बरं?" मी म्हटलं, "जरा बरं आहे." त्याचं तोंड असं झालं, जसं लोण्याला तोंड लावून आलेलं मांजर. मग धाकटी: "हवा येते ना आता?" म्हटलं, "येते." तिनं माझा गाल ओढला. मग भाऊजी, दाराबाहेरूनच: "वहिनी, श्वास?" म्हटलं, "चाललाय की." ते मान हलवत वर गेले. मला वाटलं, काळजी आहे लेकरांना. दुसरं काय वाटणार?

तपासणीच्या दिवशी सकाळीच तपासनीस आला. उंच, किडकिडा, बुटांवर निळ्या पिशव्या चढवलेला. मी चहा पुढे केला तर म्हणाला, "नको, आजी."

"आजी तुमच्या घरी असेल," मी म्हटलं. "मी या घरची मालकीण."

तो वरमला. "नको, बाई."

त्यानं पुढच्या दारात लाल कापडाचा पडदा ताणून बसवला, त्यात एक मोठा पंखा. घरातली हवा तो पंखा बाहेर फेकतो, म्हणजे जिथं जिथं फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसायला बघते. किती घुसते, ते मीटरवर दिसतं. नव्या यंत्राची तोंडं त्यानं चिकटपट्टीनं बंद केली. आकडा एकाच्या खाली आला तर पास. गल्लीत सगळी रांग जमली होती. शिंपीण गळ्यात टेप अडकवून सगळ्यांच्या पुढे.

पंखा घुमला. माझ्या कानात दडे बसले. तपासनिसानं मीटर बघितला, मग सुनेकडे बघितलं. "दीडच्या वर आहे."

मी सुनेचा चेहरा बघत होते. रंग उतरला, पण ती रडली नाही, की कोणाला दोष दिला नाही. म्हणाली, "होणं शक्य नाही. मी स्वतः मोजलं होतं. त्यानंतर काहीतरी बदललंय. पंखा चालू ठेवा."

धुराची एक कांडी हातात घेऊन ती वर गेली. छपरापासून सुरुवात. प्रत्येक सांध्यापाशी कांडी धरायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, कलला तर फट. भाऊजींची खोली ठीक. धाकटीची ठीक. तिची स्वतःची ठीक. जिना, स्वयंपाकघर ठीक. तपासनीस मागे मागे, आणि त्याच्या मागे मी. राहिली माझी खोली.

दारातून आत बघितलं तर खोलीत आधीच गर्दी. थोरला कपाटाला पाठ लावून उभा. धाकटी खिडकीच्या कडेवर पालथा हात ठेवून उभी, जसं काही फोटो काढायचाय. भाऊजी खिडकीखाली गुडघ्यावर, जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधतायत.

"बाजूला हो," सून नवऱ्याला म्हणाली.

"कपाट जड आहे गं."

"कपाटाला नाही म्हणत. तुला म्हणतेय."

तो सरकला. कांडी कपाटामागे गेली आणि धूर असा आडवा झाला की तपासनिसाला खोकला आला. सुनेनं झाकण काढलं. आत काही नाही. भोक थेट धुराड्यात.

"इथं मी लोकर भरली होती," ती हळू म्हणाली. "ठासून."

थोरला जमिनीकडे बघत म्हणाला, "मी काढली. आईचा जीव गुदमरत होता."

"म्हणजे तूसुद्धा?" धाकटीच्या तोंडून निसटलं. मग तिनं तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. खिडकीवरचा हात निघाला होता ना! खालची रबरी पट्टी तिनं हॉस्पिटलातल्या ब्लेडनं आतून कापून काढली होती आणि दर्शनी भाग तेवढा जागच्या जागी ठेवला होता. बघणाऱ्याला पट्टी अख्खी दिसावी.

खिडकीखालून भाऊजी खाकरले. "सूनबाई, इथंही थोडं... बारीक आहे."

ती वाकली. बोट फिरवलं, काही लागेना. मग ओठ ओला करून चौकटीच्या खालच्या लाकडाजवळून फिरवला. लाकडात भोकांची एक ओळ होती, सुईच्या नेढ्यासारखी, सारख्या अंतरावर.

"काका, कशानं पाडलीत?"

"घड्याळाच्या ड्रिलनं."

"सुंदर आहेत," ती म्हणाली. तिचा सगळा धंदा त्या भोकांतून बाहेर चालला होता आणि ही त्यांची सफाई बघत होती. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग तिघांचं जुंपलं. आणि कशावरून? कोणाच्या भोकानं आईला बरं वाटलं, यावरून!

"माझ्या पट्टीनं! त्याच दिवशी म्हणाली ती, हवा येते म्हणून!"

"पट्टीतून? तिथून मुंगीला तरी हवा पुरेल का? एवढं मोठं धुराडं मोकळं केलं मी!"

"मोठं म्हणजे चांगलं असं नसतं," भाऊजी म्हणाले. "वहिनींना सावकाश हवा लागते. मी विचार करून पाडली."

तपासनीस मध्ये पडला. "हे बघा, मी थांबू शकतो. बुजवून घ्या, पुन्हा तपासू."

"नाही बुजवायचं," थोरला म्हणाला. माझा थोरला, जो बसमधल्या प्रवाशालाही मोठ्या आवाजात बोलत नाही. बायकोकडे बघवत नव्हतं त्याला, तरी म्हणाला, "तपासणी पुन्हा होईल. आई पुन्हा नाही होणार."

धाकटीनं मान हलवली. भाऊजींनीही. इतक्या वर्षांत या तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

मला वाटलं, आता सून भडकणार. भडकायलाच हवं होतं. मी असते तर त्या कांडीनं तिघांच्या पाठी मोजल्या असत्या. पण तिनं कांडी विझवली आणि तपासनिसाला म्हणाली, "लिहा. नापास."

"अहो, पण..."

"ज्या घरात माणसाला श्वास घेता येत नाही, ते घर मला पास करून घ्यायचं नाही. माझं काहीतरी चुकलंय. नापास लिहा."

एकदाही तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तोच तिचा मोठेपणा. बघितलं असतं तर माझ्यावर ओझं टाकल्यासारखं झालं असतं. ओल्या भिंतीवर तक्ता लावायला नाही म्हणाली होती, तेव्हा ती भिंत परक्याची होती. आज माझ्या शब्दावर ती त्याच माणसाच्या दारात परत जायला निघाली होती. आणि माझा तो शब्द तर कधीच शिळा झाला होता.

तपासनिसानं पेन काढलं.

"ठेवा ते खिशात," मी म्हटलं. "कोण म्हणतं माझा जीव गुदमरतो?"

चौघं एकदम वळले. "तू!" थोरला ओरडला.

"गुदमरत होता. ती जिन्याखालची पेटी यायच्या आधी. पेटी आली आणि थांबला. तुमच्या भोकांनी नाही, हिच्या पेटीनं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलं?"

"आम्ही तिघांनी विचारलं!" धाकटी म्हणाली.

"तुम्ही विचारलंत, बरं वाटतंय का. मी म्हटलं, बरं वाटतंय. का बरं वाटतंय, ते विचारलंत? तिघांतला एक तरी म्हणाला का, आई, हे बरं कशानं? तोंड गोड करून निघून गेलात. आणि भाऊजी, तुम्ही! दुसऱ्याच्या खिडकीला भोकं पाडताना माणूस विचारतो तरी."

भाऊजी म्हणाले, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते!"

सून आता बघत होती माझ्याकडे. आम्हा दोघींना गोड बोलणं जमत नाही. मी तपासनिसाला म्हटलं, "पंखा बंद करा आणि ही खिडकी उघडा. मला बाहेर बोलायचंय."

खिडकी उघडली. बाहेर सगळी रांग. मी ज्या ज्या दारात जाऊन रडले होते ती सगळी दारं समोर. त्यांच्यापुढे बोलायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण मी काही तोंडातल्या तोंडात पुटपुटणारी नाही.

"ऐका गं सगळ्या! माझा जीव गुदमरतो असं मी म्हटलं होतं. आता गुदमरत नाही. माझ्या सुनेनं हवेची सोय केली आहे आणि ती सोय उत्तम आहे. माझ्या वेड्या माणसांनी माझ्या काळजीपोटी तिच्या कामाला भोकं पाडलीत, ती आत्ता बुजवतील. तोवर कोणी जायचं नाही."

शिंपीण म्हणाली, "काकू, नक्की ना? नाही, तुम्हीच म्हणाला होतात, डब्यात घातलंय म्हणून."

"म्हटलं होतं. लोणचं डब्यातच टिकतं. गप्प उभी राहा."

मग ज्यानं त्यानं आपापलं निस्तरलं. सून मदत करायला पुढे झाली तर मी हात धरून तिला माझ्या पलंगावर बसवलं. "तू बस. केलं त्यांनी, भरतील ते." थोरल्यानं लोकर ठासली, तिनं बसल्या जागेवरून सांगितलं, "अजून, अजून, कोपऱ्यात." धाकटीनं नवी पट्टी बसवली. भाऊजींनी एक एक भोक लाकडाच्या सळीनं, सरस लावून, असं बंद केलं की पाडताना लागला नसेल तेवढा वेळ लागला. तपासनीस घड्याळ बघायला लागला. मग त्यानं तो चहा घेतला. दोनदा घेतला.

पुन्हा खिडकी बंद, पुन्हा पंखा. मी मीटरकडे बघितलं नाही. मला त्यातलं कळत नाही. मी सुनेचे हात बघत होते. मांडीवर एकमेकांत गुंतवलेले, चुन्यानं भेगाळलेले, नखांत सगळ्या घराची माती. ते हात एकदम सैल सुटले, तेव्हा मला कळलं.

"बाई," तपासनीस तिला म्हणाला, "एवढं जुनं घर इतकं घट्ट झालेलं मी फार कमी वेळा पाहिलंय."

"माणसं जरा सैल आहेत," ती म्हणाली. "पण घर घट्ट आहे."

थोरला तिच्याजवळ जायला बघत होता, पण धीर होईना. तिनंच त्याच्या शर्टावरची लोकर झटकली. झालं त्यांचं. बाकीचं त्यांचं ते बघतील, मी खोलीबाहेर आले.

संध्याकाळी रांगेच्या लोकांनी होकार कळवला. सुरुवात शिंपिणीच्या घरापासून. पण शिंपिणीची आजेसासू, जी खुर्चीत तीन घोंगड्या घेऊन बसलेली असते आणि जिच्या तोंडाला रांगेतला कोणी लागत नाही, ती म्हणाली, मी असेपर्यंत माझ्या खिडकीला हात लावायचा नाही. का? तर माझा जीव गुदमरेल. हे तिच्या डोक्यात कोणी भरलं होतं ते वेगळं सांगायला नको.

सून दोनदा जाऊन हात हलवत परत आली. तिसऱ्यांदा निघताना माझ्या दारात थांबली. "आई, येता का? तुमचंच ऐकतील त्या."

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी उठले, केस सारखे केले आणि तिच्या पुढे चालत गेले.

म्हातारीनं घोंगडीतून डोळे वर केले. "आलीस? तुझी सून माझ्या फटी बुजवायला निघालीय. मी मरेन हो."

मी खुर्ची ओढून तिच्या समोर बसले. "मरायचं असेल तर खुशाल मरा, आत्याबाई," मी म्हटलं. "फक्त थंडीनं नाही मरणार, आणि गुदमरूनही नाही. हमी माझ्या सुनेची."